समोरची भिंत

मोठ्या माणसाच्या वाढदिवसाची सजावट जवळजवळ नेहमी त्याच्या पाठीमागे असते. पन्नाशी असो, साठी असो, पंचाहत्तरी असो. एक खुर्ची, तिच्या मागे बॅकड्रॉप, भोवती फुग्यांची कमान आणि मधोमध सोनेरी फॉइलचे दोन मोठाले आकडे. ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तो संध्याकाळभर त्याच्याकडे पाठ करून बसतो. सजावट पाहुण्यांना दिसते, कॅमेऱ्याला दिसते. त्याला स्वतःला दिसते समोरची कोरी भिंत, एकावर एक रचलेल्या जादा खुर्च्या आणि स्पीकरच्या वायरींचा गुंता.

घरातल्या आणि मैत्रिणींकडच्या कार्यक्रमांची सजावट बरीच वर्षं माझ्याकडे येते. आईची पंचाहत्तरी करायची ठरली तेव्हा ती जिथे बसणार होती त्या खुर्चीत मी आधी जाऊन बसले. तिथून काय दिसतं, दिवा डोळ्यांवर येतो का, दारातून आत येणारा माणूस ओळखू येतो का, हे बघितलं. मग बॅकड्रॉपवरचा वेळ आणि खर्च निम्म्यावर आणला आणि जे मनापासून करायचं होतं ते समोरच्या भिंतीवर केलं. तेव्हापासून माझं काम खुर्चीत बसूनच सुरू होतं. लहान मुलांच्या वाढदिवसाला ही काळजी लागत नाही, कारण मूल एका जागी बसतच नाही. ते फुग्यांतून धावतं, कमान ओढतं, आकड्यांना मिठी मारतं. मोठ्या माणसाला आपण बसवून ठेवतो. त्यामुळे त्याची नजर जिथे टेकणार तिथेच सजावट हवी.

आणि नजरेचा विचार करायचा तर डोळ्यांच्या वयाचाही करायला हवा. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढे जे होतं त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डोळ्याची बाहुली लहान होते आणि कमी उजेडात पूर्वीसारखी विस्फारत नाही. आतलं भिंग हळूहळू पिवळसर पडतं. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. पिवळ्या भिंगात निळा-जांभळा प्रकाश अडकतो, म्हणून गडद निळा काळ्याकडे झुकतो आणि फिकट पिवळा पांढऱ्यात मिसळून जातो. आता सध्या चलती असलेल्या रंगसंगती आठवून बघा: पांढऱ्यावर सोनेरी, राखाडीवर रुपेरी, फिकट लव्हेंडरवर पांढरी नक्षी. उत्सवमूर्तीच्या खुर्चीतून हे सगळं एकसारखं पांढुरकं दिसण्याचीच शक्यता जास्त.

चित्रकार क्लोद मोने मला इथे नेहमी आठवतो. १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदूचं निदान झालं. पुढच्या वर्षांत त्याच्या चित्रांत तांबडे आणि तपकिरी रंग दाटत गेले, निळे मागे पडले. १९२३ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि निळा त्याच्याकडे परत आला. ज्याने सगळा जन्म रंगांत काढला त्याच्या बाबतीत हे झालं, तर पंचाहत्तरीच्या काकूंना लव्हेंडर आणि राखाडीतला फरक कळेल असं आपण धरून कसं चालायचं? मी तांबडा, केशरी, गडद हिरवा असे रंग घेते. फिकटावर गडद किंवा गडदावर फिकट, मधलं काही नाही. ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आधी विचारून घ्यावं. माझ्या एका मावशीने शस्त्रक्रियेनंतरच्या आपल्या वाढदिवसाला मोरपिशी पडद्यांचा हट्ट धरला होता. घरात सगळे म्हणत होते, हिला कधीपासून मोरपिशी आवडायला लागला? तिला तो रंग कित्येक वर्षांनी दिसत होता.

अक्षरांचा हिशेब सोपा आहे. दहा फुटांवरून आरामात वाचायचं असेल तर अक्षर निदान एक इंच उंच हवं. देवनागरीत वेलांट्या, उकार, रफार असतात, म्हणून मी त्याहून मोठंच घेते, नाहीतर उकार खालच्या पानाफुलांत हरवतात. चमकीच्या कागदातून कापलेली बारीक, वळणदार अक्षरं फोटोत देखणी येतात; खुर्चीतून ती नुसती लुकलुकतात. छापायचं ते मॅट कागदावर छापावं. आणि सुटी चमकी तर टाळाच. ती बहुतेक प्लॅस्टिकची असते, मग महिनोन्‌महिने फरशीच्या सांध्यांतून निघत राहते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीवर निर्बंध आणले ते उगाच नाही.

दिव्यांबाबत एक पेच आहे. वय झालेल्या डोळ्यांना उजेड जास्त लागतो आणि तिरीप मात्र कमी सोसते. फेअरी लाइट्सचा पडदा खुर्चीमागे सोडला की चेहरा काळवंडतो, समोर सोडला की डोळे दिपतात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे दिवा दिसू द्यायचा नाही, उजेड दिसू द्यायचा. दिवे भिंतीकडे किंवा छताकडे वळवायचे, म्हणजे परतून येणारा प्रकाश मऊ पडतो. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर बल्ब घ्यायचे, आणि एक मोठा घेण्यापेक्षा चार-पाच लहान, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. फोटोंच्या भिंतीला स्वतंत्र दिवा हवाच. ‘वातावरण’ येण्यासाठी हॉल अंधारा करणं मला बिलकूल पटत नाही. अंधारात म्हाताऱ्या पाहुण्यांना पायऱ्या दिसत नाहीत आणि माणसंही.

आता भिंत. तिच्यावर फोटो असावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न कोणते, हा. सहसा जन्मापासून आजपर्यंत एक रांग लावतात, दर दशकाला सारखी जागा. मी तसं करत नाही. स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या संशोधकांना १९८०च्या दशकापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे: चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातलं काहीही आठवायला सांगा, साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घराबाहेरचा पहिला मुक्काम, सगळं त्याच काळातलं. भिंतीचा मोठा हिस्सा त्या वर्षांना द्यायला हवा. अडचण अशी की घरच्या अल्बममध्ये नेमकी तीच वर्षं कमी असतात. आपल्याकडचे आईचे फोटो म्हणजे कडेवर आपण आणि मागे आई. त्याआधीची आई दुसऱ्यांच्या अल्बममध्ये असते. मैत्रिणींच्या, चुलतभावंडांच्या, जुन्या सहकाऱ्यांच्या. ते फोटो मिळवणं हेच सजावटीतलं सर्वांत मोठं काम, आणि त्याला दोन महिने आधी लागावं लागतं. इव्हेंटवाले कमान उत्तम करतील. हे काम ते करू शकत नाहीत.

आईचा एक फोटो तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून आला. बॅडमिंटनचा संघ, ओळीने उभ्या मुली, एक कोपरा फाटलेला. आई डावीकडून दुसरी, रॅकेट कमरेला टेकवलेली, आणि उजव्या बुटाची नाडी सुटलेली. स्कॅन मोठा केल्यावर मला ती नाडी दिसली, म्हणून मी तो फोटो हात-दीड हात रुंद छापून घेतला. वाढदिवसाच्या दिवशी आई खुर्चीतून उठली, सरळ त्या फोटोपाशी गेली, नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “अगं, याच्यावरूनच मी पडले त्या दिवशी. गुडघा फुटला होता, तरी खेळले.” मग साडी थोडी वर करून तिने तो व्रण दाखवला. तो व्रण मी लहानपणापासून बघत आले होते, कशाचा ते कधी विचारलं नव्हतं.

फोटो मिळाले की ते जपायचीही जबाबदारी येते. मूळ फोटो भिंतीवर कधीही लावू नका, आणि डबल टेप तर त्याला दाखवूही नका. स्कॅन करून प्रती लावा, मूळ ज्याचे त्याला परत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम निघाले होते. त्यांचा गोंद काळाने इतका घट्ट होतो की फोटो ओढला तर फाटतो. तिथे दात साफ करायचा बारीक धागा, डेंटल फ्लॉस, कामाला येतो. फोटोच्या एका कोपऱ्यामागून तो सरकवायचा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्यायचा. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करायचा, हट्ट करायचा नाही. मूळ फोटोच्या दुप्पट मोठी प्रत हवी असेल तर ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करा, म्हणजे छापताना ३०० उरतात. त्या काळातले रंगीत फोटो लालसर झालेले दिसतात, कारण त्यांच्यातला निळा-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी फिका पडतो. त्यांच्याही आधीचे कृष्णधवल फोटो, ज्यांत चांदीचे कण असतात, अनेकदा जास्त टिकलेले असतात. लाली संगणकावर थोडी कमी करावी, पण सगळी काढू नये. चेहरे गुळगुळीत करणारं ते सॉफ्टवेअर तर अजिबात वापरू नये. त्यातून ज्या बाई बाहेर येतात त्या आपल्या आई नसतात.

या भिंतीचा सर्वांत अवघड भाग म्हणजे गेलेली माणसं. पन्नाशीच्या भिंतीवर ती थोडी असतात. पंचाहत्तरीच्या भिंतीवर कधीकधी निम्मी. काही जण म्हणतात, आनंदाचा दिवस आहे, ते फोटो नकोत. काही जण उलट टोकाला जातात आणि गेलेल्यांचा वेगळा कोपरा करतात, दिवा लावून. मला दोन्ही बरोबर वाटत नाहीत. वगळलं तर उत्सवमूर्तीला ती पोकळी पहिल्याच नजरेत कळते. आपण चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो भिंतीवरच नाही, हे कसं कळणार नाही? आणि वेगळा कोपरा केला की त्या माणसाचं मरण तेवढं भिंतीवर येतं, जगणं राहून जातं. बाबांना मी इतरांमध्येच ठेवलं. समारंभातला, कोट घातलेला फोटो घेतला नाही. सायकलचं चाक उघडून बसलेले, हात काळे, कुणीतरी हाक मारली म्हणून मान वर केलेले बाबा घेतले, आणि तो फोटो आईच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला. चित्रांच्या दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, कारण तिथे माणसं उभी असतात. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे १२० सेंटिमीटरच्या आसपास येतात. तीसेक सेंटिमीटरचा हा फरक बघायला छोटा वाटतो. त्याच्यामुळेच आईला कुणाशी बोलताबोलता मान न उचलता बाबांकडे बघता आलं.

कोणते फोटो लावू नयेत हेही कुणाला तरी ठाऊक असतं. तुटलेलं लग्न, न बोलणारा भाऊ, दुरावलेली मैत्रीण. हे उत्सवमूर्तीला विचारणं जड जातं आणि मुलांना सगळं माहीत असतंच असं नाही. त्याच पिढीतलं एक जवळचं माणूस गाठावं, सगळ्या प्रती त्याच्यापुढे टाकाव्यात, आणि ते ज्या फोटोवर थांबेल तो कारण न विचारता बाजूला काढावा.

डोळ्यांइतकंच कानांचंही. वय वाढतं तशी उंच स्वरांची ऐकण्याची ताकद आधी जाते, आणि बोलण्यातले स, श, फ, थ असे वर्ण त्याच पट्ट्यात असतात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. हॉलमध्ये टाइल्स, काच आणि उघड्या भिंती असल्या की आवाज आपटत राहतो. गोंगाट वाढला की आपोआप प्रत्येकजण आवाज चढवतो, त्याने गोंगाट आणखी वाढतो. फ्रेंच डॉक्टर एटिएन लोम्बार यांनी १९११ मध्येच हे नोंदवून ठेवलं आहे. यात सजावट खूप काही करू शकते. जाड कापडाचे झोळदार पडदे, टेबलांवर जमिनीपर्यंत येणारी कापडं, पायाखाली सतरंजी, हे सगळं आवाज पिऊन टाकतं. म्हणून मी प्लॅस्टिकच्या झिरमिळ्यांऐवजी कापड वापरते, आणि स्पीकर खुर्चीपासून लांब. टेबलावरची फुलंही एका वितीपेक्षा उंच नसावीत. ज्याला कमी ऐकू येतं तो समोरच्याचे ओठ बघून अर्धं बोलणं समजून घेत असतो, आणि मध्ये फुलदाणी आली की तो नुसता हसून मान हलवतो. अशी मान हलवणारी माणसं मी प्रत्येक समारंभात बघितली आहेत, आणि मला ते बघवत नाही.

फुग्यांना माझा विरोध नाही. मायकेल फॅरडेने १८२४ मध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी रबराचे दोन तुकडे कडांनी चिकटवून फुगे केले, तेव्हापासून माणसाला त्यांची भूल आहे. फक्त थोडं सांभाळावं. रबरी फुग्यातून हेलियम झिरपत असतो, साधारण अकरा इंची फुगा १२ ते २४ तास तरंगतो, म्हणून तो त्याच दिवशी भरावा. स्वस्तातल्या गॅसच्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन असतो आणि तो पेटतो. असे फुगे मेणबत्त्यांच्या किंवा दिव्यांच्या जवळ नकोत. पूर्ण ताणेपर्यंत न भरता थोडे कमी भरले तर गोलही दिसतात आणि फुटतही नाहीत. जमिनीवर फुगे पसरण्याची पद्धत मात्र मोठ्यांच्या समारंभात बंद व्हावी. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला पाऊल टाकायला मोकळी जमीन लागते. तीच गोष्ट फुग्यांच्या लोंबत्या रिबिनींची.

राहता राहिले ते आकडे आणि त्यांच्याबरोबर येणारे विनोद. ‘आता उतार सुरू’, ‘एक्सपायरी डेट’, काळे फुगे, हातात धरायला कागदी काठ्या आणि कवळ्या. पन्नाशीच्या माणसाला मित्र हे हसतहसत देतात आणि तोही हसतो. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका गावातले, पन्नाशी गाठलेले ६६० लोक, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याची दोन दशकांहून जास्त काळाची नोंद. आपल्या वाढत्या वयाकडे जे चांगल्या नजरेने बघत होते ते इतरांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले. एका फलकाने कुणाचं आयुष्य कमी होत नाही, हे मला कळतं. पण म्हातारपण म्हणजे हसं, हे माणसाच्या मनात असेच फलक थोडंथोडं भरत असतात, आणि ते त्याच्याच कौतुकाच्या दिवशी त्याच्याच डोक्यावर टांगायचं मला मान्य नाही. मला सांगितलं तरी मी ते लावत नाही. आकडा हवा तर लावू, पण त्याच्याखाली त्या वर्षांत काय काय झालं तेही दिसू दे.

भिंतीत मी एक जागा कायम मोकळी ठेवते. प्रत्येक फोटोखाली कागदाची एक कोरी पट्टी, आणि बाजूला दोऱ्याने बांधलेल्या मऊ शिशाच्या पेन्सिली. कोण, कुठे, कधी, जे आठवेल ते पाहुण्यांनी लिहायचं. आईच्या पंचाहत्तरीला बॅडमिंटनच्या फोटोतल्या दोन मुलींची नावं तिलाही आठवत नव्हती, ती एका पाहुणीने लिहिली. दुसऱ्या एका फोटोखाली साल लिहिलं गेलं, कुणीतरी खोडून दुसरं लिहिलं, तिसऱ्याने बाण काढून ‘नाही, तेव्हा हिचे केस लांब होते’ असं लिहिलं. कार्यक्रम संपल्यावर त्या पट्ट्यांवरची नावं मी मूळ फोटोंच्या मागे पेन्सिलीनेच उतरवते. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढे वळ उमटतात आणि शाई झिरपते.

आता दादाची पन्नाशी येते आहे. फुगे नकोत, एवढंच त्याने सांगितलंय. वहिनीने त्याच्या होस्टेलच्या मित्रांना फोन लावायला सुरुवात केली आहे. एकाकडे फोटो नाहीत, पण एका डब्यात निगेटिव्हचे रोल सापडलेत म्हणे, कुणाचे ते त्यालाही ठाऊक नाही. तो डबा रविवारी माझ्याकडे येतो आहे, तोवर निगेटिव्ह स्कॅन करणारं कुणीतरी शोधायचं आहे.